शिकवण बदलली, सही कुणाची?

धर्मसंस्था बदलतात. त्या बदलू नयेत असे म्हणणे आपल्याला परवडणारेही नाही, कारण त्या बदलाव्यात म्हणून महाडच्या तळ्यापासून आपल्या माणसांनी मार खाल्ला आहे. त्यामुळे विश्व हिंदू परिषद आणि तिच्या पाठीशी उभा असलेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जातीविषयी जे वेगळे बोलू लागले आहेत, त्याचे काय करायचे हा प्रश्न चिडून सुटणार नाही. तो वाचून सोडवावा लागेल. जुने वाक्य कोणते, नवे कोणते, मधल्या काळात काय घडले आणि बदल कुणी आपल्या अंगावर घेतला, एवढे तरी तपासल्याशिवाय स्वागतही करू नये आणि धिक्कारही करू नये.

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दर तीन माणसांमागे एकाहून अधिक आदिवासी आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याला मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेली कुटुंबे चाळींतून राहतात. त्यांची मुले पाळ्या करून कॉलेजात येतात. अशाच एका बौद्ध विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमच्या चाळीत समरसतेचा कार्यक्रम झाला. बाबासाहेबांचा फोटो मधोमध होता. आता तेही जात नको म्हणतात. मग आपलं भांडण उरलं कशाचं?" प्रश्न प्रामाणिक होता. घोषणा देऊन त्याला गप्प करणे सोपे होते, पण घरातला पहिला पदवीधर म्हणून मला एवढे ठाऊक आहे की, ज्याच्या घरात विचारायला दुसरे कुणी नाही त्याला उत्तर पुराव्यानिशीच द्यावे लागते. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आधी दप्तर पाहू. घटना समितीने संविधान स्वीकारल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ३० नोव्हेंबर १९४९ रोजी, संघविचाराच्या 'ऑर्गनायझर' साप्ताहिकाने तक्रार केली की या घटनेत प्राचीन भारताच्या राज्यविचाराची आणि मनूच्या कायद्यांची दखलच नाही. २९ ऑगस्ट १९६४ रोजी पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. सरसंघचालक मा. स. गोळवलकर त्या बैठकीला होते. संघ स्वतःला सांस्कृतिक संघटना म्हणवतो. धर्माचे व्यासपीठ म्हणून त्याने परिषद उभी केली. म्हणूनच जातीसारख्या प्रश्नावर या दोघांची शिकवण वेगवेगळी वाचता येत नाही.

१९६६ साली गोळवलकरांचा ग्रंथ आला. मराठीत तो 'विचारधन' या नावाने वाचला जातो. त्यात चातुर्वर्ण्याची मांडणी समाजरूपी विराट पुरुषाचे अवयव म्हणून केली आहे. ब्राह्मण मस्तक, शूद्र पाय, आणि प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे समाजपुरुषाची पूजा करावी. पायाला पाय राहण्याचे समाधान शिकवणारे हे तत्त्वज्ञान. १ जानेवारी १९६९ च्या 'नवाकाळ'मध्ये त्यांची मुलाखत आली. तिच्यातल्या चातुर्वर्ण्याच्या समर्थनावरून महाराष्ट्रात गदारोळ उठला. त्याच वर्षी पुरीच्या शंकराचार्यांनी, निरंजनदेव तीर्थांनी, पाटण्याच्या हिंदू संमेलनात अस्पृश्यता शास्त्रसंमत असल्याचे सांगितले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उडुपीला विश्व हिंदू परिषदेच्या संमेलनात धर्माचार्यांनी जाहीर केले की सगळे हिंदू भाऊ आहेत, कुणीही हिंदू पतित नाही. इकडे तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली तेही हेच १९६९ साल. एकाच वर्षात जानेवारीत वर्ण योग्य, मार्चमध्ये अस्पृश्यता शास्त्रसंमत, डिसेंबरात सगळे भाऊ. सामान्य हिंदूने यांतले काय शिरोधार्य मानायचे, याचा निवाडा मात्र कुणी दिला नाही.

८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत गोळवलकरांचे वारस बाळासाहेब देवरस बोलले. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. १४ एप्रिल १९८३ रोजी, त्या वर्षी आंबेडकर जयंती आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले होते, पुण्यात सामाजिक समरसता मंच स्थापन झाला. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी अयोध्येत शिलान्यासाची पहिली वीट बिहारमधील दलित कार्यकर्ते कामेश्वर चौपाल यांच्या हातून ठेवली गेली. १९४९ साली मनूची आठवण काढणाऱ्या त्याच 'ऑर्गनायझर'ने एप्रिल २०१५ मध्ये बाबासाहेबांवर विशेषांक काढला.

७ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी वर्ण आणि जाती या कल्पना विसरल्या पाहिजेत असे सांगितले. पूर्वजांनी चुका केल्या हे मान्य करायला हरकत नाही, असेही ते म्हणाले. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत संत रोहिदास जयंतीच्या कार्यक्रमात जाती देवाने नव्हे तर पंडितांनी केल्या असे ते म्हणाले. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरातच त्यांनी सांगितले की आपण आपल्याच माणसांना दोन हजार वर्षे मागे ठेवले, आणि भेदभाव आहे तोवर आरक्षण राहिले पाहिजे. याच सरसंघचालकांनी सप्टेंबर २०१५ मध्ये, बिहार निवडणुकीच्या तोंडावर, आरक्षणाच्या फेरविचाराची भाषा केली होती.

आता न्यायाने बोलू. यातले काही बदल खरे आहेत. शाखेत जात विचारली जात नाही हे अनेकांनी अनुभवाने सांगितले आहे, आणि ते सगळेच खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. देवरसांचे भाषण त्यांच्या अनेक अनुयायांना पचायला जड गेले असणार, तरी ते त्यांनी केले. नागपुरातले २०२२ चे बोलणे तर कबुलीच्या अगदी दारापर्यंत येते. हे सगळे नाकारून आपले काम होत नाही. पण दारापर्यंत येणे म्हणजे घरात येणे नव्हे. दाराशी नेमके काय अडते ते पाहायला हवे.

तारापूर वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यांत आमची बरीच मुले काम करतात. तिथे बॅच रेकॉर्ड नावाचा कागद असतो. औषधाच्या प्रत्येक खेपेत काय घातले, किती घातले, केव्हा घातले याची त्यात नोंद. नोंद चुकली तर ती दुरुस्त करता येते, पण नियमाने. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते. बाजूला बरोबर आकडा लिहायचा. सही करायची, तारीख घालायची, कारण लिहायचे. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचे नाही. तसे करणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, कारण त्या औषधाने उद्या कुणी मेला तर चूक कुठे झाली हे याच कागदावरून शोधायचे असते. दरमहा बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी पोराला जो नियम लागू आहे, तो धर्म शिकवणाऱ्या संघटनेला लागू करायला कुणाची हरकत असू नये. तिच्या शिकवणीनेही माणसे मेली आहेत.

या नियमाने वरचे दप्तर तपासले की चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, जुने वाक्य वाचता येईल असे ठेवलेले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात भागवतांना गोळवलकरांच्या ग्रंथाबद्दल विचारले गेले. प्रश्न मुसलमानांना शत्रू ठरवणाऱ्या मजकुराविषयीचा होता, जातीविषयीचा नव्हता हे नोंदवले पाहिजे. उत्तर असे आले की विशिष्ट परिस्थितीत बोललेल्या गोष्टी शाश्वत नसतात, आणि गुरुजींचे कायम टिकणारे विचार निवडून वेगळा संग्रह काढला आहे, त्यात ते सापडणार नाही. ही संपादनाची पद्धत झाली, कबुलीची नव्हे. ज्या ग्रंथावर दोन पिढ्यांचे प्रचारक घडले त्यातला मजकूर चूक होता की फक्त जुना झाला? चूक असेल तर तसे म्हणावे. फक्त जुना झाला असेल, तर १९६६ साली तो बरोबर होता असा त्याचा अर्थ होतो. १९६६ साली आमच्या बापजाद्यांना पाणवठ्यावर काय वागणूक मिळत होती हे आम्हांला ठाऊक आहे. त्या 'परिस्थितीत' चातुर्वर्ण्याची भलामण योग्य होती काय, याचे उत्तर संग्रहातून पाने गाळून मिळत नाही.

दुसरी गोष्ट, सही नाही. २०२२ चे बोलणे पूर्वजांच्या चुकीविषयी आहे, २०२३ चे दोन हजार वर्षांतल्या 'आपण'विषयी. दोन हजार वर्षांच्या 'आपण'मध्ये सगळे मावतात, म्हणून कुणीच सापडत नाही. ज्याने मागे ठेवले तोही आपण, ज्याला मागे ठेवले तोही आपण. यापेक्षा फार लहान कबुली पुरली असती, आणि ती फार अवघड होती: आमच्या संघटनेच्या दुसऱ्या सरसंघचालकांनी १९६६ आणि १९६९ साली जे सांगितले ते चूक होते. पूर्वज वारले आहेत, ते उत्तर द्यायला येत नाहीत. संघटना जिवंत आहे. तिच्या नावाने आणि गोळवलकरांच्या नावाने उच्चारलेले असे वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही.

'पंडित' या शब्दाचे प्रकरण इथेच वाचले पाहिजे. भाषण मराठीत होते, म्हणून ते वाचण्याचा आपला अधिकार पहिला. टीका होताच खुलासा आला की पंडित म्हणजे विद्वान, कुणी जात नव्हे. भाषेच्या दृष्टीने खुलासा बरोबर आहे. मराठीत पंडित म्हणजे विद्वानच. पण मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या काळात जाती 'केल्या' गेल्या त्या काळात विद्वान होण्याची मुभा कुणाला होती? शूद्राच्या कानावर वेद पडला तर शिक्षा सांगणारी शास्त्रे ज्यांच्या हाती होती, तेच विद्वान. खुलाशाने शब्द सोडवला, माणूस मात्र सोडून दिला.

तिसरी गोष्ट, तारखा बोलक्या आहेत. फेब्रुवारी १९८१ मध्ये तमिळनाडूतल्या मीनाक्षीपुरम येथे शेकडो दलितांनी इस्लाम स्वीकारला. देश हादरला. त्यानंतर परिषदेच्या यात्रा, संमेलने, सेवाकार्ये यांना जो वेग आला तो आधीच्या सतरा वर्षांत नव्हता. १९८३ चा मंच त्यानंतरचा, १९८३ ची एकात्मता यात्राही त्यानंतरची. दबावाने झालेला बदल खोटाच असतो असे मी म्हणत नाही. आपण दबाव आणतो तो बदल व्हावा म्हणूनच. पण ज्याला माणूस दुखावल्याचे दुःख झाले त्याची भाषा वेगळी असते, आणि ज्याला माणूस निघून जाण्याची धास्ती वाटली त्याची वेगळी. पहिला विचारतो, तुझे काय गेले? दुसरा विचारतो, तू परत कधी येणार?

'घरवापसी' हा शब्द त्या दुसऱ्या प्रश्नातूनच आलेला आहे, आणि इथे आमचा जिल्हा मध्ये येतो. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तलासरीला परिषदेचा वनवासी प्रकल्प उभा आहे. त्याच्या वसतिगृहामुळे अनेक वारली मुले शिकली, त्यांतले चिंतामण वनगा खासदार झाले. हे काम मान्य केले पाहिजे. पण त्याच तलासरीच्या परिसरात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभे केले, आणि त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी पडले. तेव्हा कुणी त्यांना वेठ सोडवणारे धर्मबांधव म्हणून भेटायला आले नव्हते. पुढे त्यांना शिकवले गेले की तुम्ही आदिवासी नाही, वनवासी आहात. 'आदि' गेले आणि 'वन' आले. आधीपासून इथे असलेला माणूस रानात राहणारा माणूस झाला. अलीकडे भाषणांत 'जनजाती' हा शब्द जास्त ऐकू येतो. 'वनवासी' चूक होता म्हणून सोडला की लोकांनी नाकारला म्हणून? कारण कुठेच लिहिलेले नाही. संस्थेच्या पाटीवर मात्र जुनाच शब्द आहे.

शिवाय यात एक उघड विसंगती आहे. आदिवासी मुळात हिंदूच असेल तर त्याची घरवापसी कसली? आणि घर त्याचेच असेल तर त्या घरात त्याचे काय आहे? वारल्यांचे लग्न धवलेरी लावते, म्हणजे बाई लावते, तिच्या गाण्याने. हिमाय, हिरवा, नारनदेव, कणसरी हे त्यांचे देव. या बाईला आचार्यांच्या मांडीला मांडी लावून बसवणारा एखादा ठराव झाला असता, तर घर खरोखर बदलले असे आम्ही म्हटले असते.

चौथी गोष्ट, कारणाच्या जागी एक गोड शब्द ठेवला आहे. तो शब्द समरसता. आपल्या चळवळीचा शब्द समता. समतेत दोघे समोरासमोर उभे असतात आणि मोजमाप होते: जमीन कुणाकडे किती, गाभाऱ्यात कोण, गटारात कोण. समरसतेत मोजमाप नाही, विरघळणे आहे. मीठ पाण्यात समरस होते, तेव्हा दिसेनासे मीठ होते, पाणी नाही. बंधुता महत्त्वाची असे मंचावरून सांगतात, आणि बाबासाहेबांचाच आधार देतात. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी एकमेकींपासून तोडता येत नाही असे बजावले होते. तसबीर मधोमध ठेवायची आणि बावीस प्रतिज्ञा बाजूला ठेवायच्या, बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही ही त्यातली प्रतिज्ञा तर नावालाही घ्यायची नाही, हा त्या तोडण्याचाच प्रकार आहे.

'जात विसरा' हा उपदेश दोघांना सारखाच केला जातो. ज्याने जातीवर कमावले त्यालाही, आणि ज्याने जातीपायी गमावले त्यालाही. विसरायला सांगणाऱ्याला जातपडताळणीच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. आमच्या मुलांना लागते. पणजोबाची नोंद शोधत तहसील कचेरीच्या खेपा घालणाऱ्या पोरीने जात विसरली तर तिची शिष्यवृत्ती जाते. तिने आधी काय विसरायचे, हे ज्यांनी शिकवले त्यांनी आधी आठवायचे आहे.

कुणी म्हणेल, एवढी काटेकोर कबुली जगात कोण देतो? देतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला बायबलचा आधार दिला होता. १९७४ सालीसुद्धा, म्हणजे देवरस पुण्यात बोलले त्याच साली, त्या चर्चच्या अधिकृत अहवालात वंशावंशांच्या वेगळ्या विकासाचे समर्थन होते. १९८२ मध्ये जगातल्या सुधारित चर्चांच्या संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरवून त्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. दबाव तिथेही होता. पण १९८६ मध्ये चर्चने आपली अधिकृत भूमिका बदलली, आणि नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने, डेस्मंड टुटूंसारखे लोक समोर बसलेले असताना, स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने पापाची कबुली दिली. पूर्वजांच्या वतीने नव्हे. भारतातही कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना मान्य केले की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. 'आहे' म्हटले, 'होती' नाही. त्याने तमिळनाडूतल्या दफनभूमीतल्या भिंती आपोआप पडल्या नाहीत. पण ज्याला भिंत पाडायची आहे त्याच्या हाती धर्मसंस्थेचाच कागद आला.

आणि आपल्या घरातले उदाहरण तर समोरच आहे. बाबासाहेबांचीही भूमिका बदलली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. चार वर्षांनी, ३ मार्च १९३४ रोजी, त्यांनी भाऊराव गायकवाडांना कळवले की हा सत्याग्रह आता पुढे चालवू नये, आणि का नको तेही लिहिले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ती पुरी केली, आणि जुन्यातले काय काय सोडतो आहोत ते बावीस प्रतिज्ञांत एकेक करून म्हणवून घेतले. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणावर गांधींनी टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका त्यांनी स्वतः छापली आणि खाली उत्तर दिले. रेघ एक, खालचे वाचता येते, सही आहे, तारीख आहे, कारण आहे.

हाच नियम आपल्यालाही लागतो. १९७२ साली पँथर निघाली तेव्हा जे शत्रू म्हणून नावानिशी सांगितले गेले, त्यांच्याच मांडवात आपल्यातले काही नेते पुढे बसले. २०११ मध्ये शिवशक्ती-भीमशक्ती झाली. बदलायला हरकत नव्हती, पण का बदललो याचा लेखी जबाब कार्यकर्त्याला कुणी दिला? ज्याच्याकडे स्वतःच्या बदलाचे कारण नाही, त्याला दुसऱ्याकडे ते मागताना आवाज खाली घ्यावा लागतो. आपला आवाज गेली काही वर्षे खाली आहे, त्याचे हेही एक कारण आहे.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. भांडण त्यांनी बदलू नये यासाठी नाही. परिषदेने ठराव करून सांगावे की १९६६ ची वर्णमांडणी चूक होती, १९६९ मध्ये परस्परविरोधी बोलणाऱ्या आचार्यांपैकी चूक कोण होते, आणि आजपासून कोणत्या मंदिरात, कोणत्या मठात, कोणत्या पदावर काय बदलेल. तसा ठराव झाला तर तो आपण आपल्या अंकात पहिल्या पानावर छापू.

तोवर कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी करण्याजोगे एक काम आहे. डहाणू, पालघर, बोईसर, विक्रमगड इथल्या कॉलेजांच्या आणि विहारांच्या ग्रंथालयांत 'विचारधन'ची जुनी आवृत्ती मिळवून ठेवा. तिच्याच शेजारी नवा निवडक संग्रहही ठेवा. जुने विशेषांक, मुलाखतींची कात्रणे, समरसतेची पत्रके, आपल्या पक्षांचे जाहीरनामेसुद्धा, तारखेवार लावा. रद्दीवाल्याला देऊ नका. मुलांना एक टेबल द्या आणि दोन्ही पुस्तके शेजारी उघडून वाचायला सांगा. मधली गाळलेली पाने कोणती, ते त्यांचे त्यांना सापडेल.